तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात राहून ट्राउट कशाला?

म्हापशाच्या मार्केटात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गरवायचा, म्हणजे गरीने मासे धरायचा, विषय निघाला की मला हाच प्रश्न येतो, अरे मांडवी आहे, झुआरी आहे, शापोरा आहे, चोणक आणि शेवटे दाराशी मिळतात, मग तू तिकिटं काढून हिमाचलात ट्राउट धरायला कशाला जातोस, आणि एवढं करून धरलेला मासा परत पाण्यात का सोडतोस? तिथल्या तिथे उत्तर द्यायला लागलो की अर्ध्यावर राहतं, म्हणून आज सगळं लिहितो.

इथे ट्राउट का नाही हे आधी सांगतो. त्याला थंड पाणी लागतं, साधारण 10 ते 16 डिग्री असलं की तो खूश, 20 च्या वर गेलं की त्रास सुरू, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. आपल्या नद्या जानेवारीतसुद्धा तेवढ्या गार होत नाहीत. दूधसागरचं पाणी अंगावर घेतल्यावर हुडहुडी भरते हे खरं, पण ट्राउटला ते गरमच. मुळात तो हिमालयातलाही नाही, ब्राउन ट्राउट इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधी काश्मिरात आणि मग कुल्लूकडे आणून सोडला. तिथल्या मूळच्या स्नो ट्राउटला त्याच्याशी जागेसाठी आणि खाण्यासाठी झगडावं लागतं, त्यामुळे ब्राउन ट्राउटला कोणी हिमालयाचा मासा म्हटलं की मला ते पटत नाही, आवडतो मला खूप पण पाहुणा तो पाहुणाच.

आता फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते. आपण गरी टाकतो तेव्हा दोरीला शिसं असतं, शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजनच नसतं, बारीक हुकावर पिसं आणि धागा गुंडाळून किड्यासारखं केलेलं असतं, ते कितीही जोरात भिरकावलं तरी पायाशीच पडणार. म्हणून इथे दोरीलाच वजन दिलेलं असतं, जाड दोरी, तिच्यापुढे टोकाकडे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, त्याला लीडर म्हणतात, आणि अगदी शेवटी फ्लाय. रॉड मागे नेऊन थांबवायचा, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघायची, मग पुढे आणून पुन्हा थांबवायचा, की दोरी हवेत उलगडत जाऊन फ्लाय पाण्यावर अलगद ठेवते. सगळं त्या थांबण्यात आहे. जोर लावणाऱ्याची दोरी गुंतते आणि खांदा दुखतो तो वेगळाच.

आणि हे शिकायला नदी लागत नाही! मी गोव्यातच शिकलो, गवताच्या मैदानावर, हुकाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. सकाळी लवकर जायचं, दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की नवशिक्याने टाकलेली दोरी त्याच्याच तोंडावर येते. कापणी झालेल्या शेतात मात्र नको, धसांवर घासून दोरीचं कोटिंग जातं.

पण कास्टिंग, म्हणजे ही दोरी टाकणं, आलं म्हणजे मासा आला असं नाही, खरी गंमत पुढे आहे आणि त्यासाठीच मी जातो. मी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जातो, दिल्लीहून रात्रीच्या बसने औटपर्यंत, मग बंजारवरून गुशैणी. पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसतात. पोचल्यावर रॉड काढायच्या आधी पाण्यातला एक दगड उलटून बघायचा. खाली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याची अळी बारीक खड्यांचं घर बांधून त्यात बसलेली असते. मेफ्लाय बरेचसे महिने पाण्याखाली काढते आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगते, त्यामुळे ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखालीच होतं. दगडाखाली जे दिसलं त्याच्या जवळपासच्या रंगाचा नि साइझचा फ्लाय निवडून बांधायचा. पावसाळ्यात इथे घरात बसून मी हेच फ्लाय बनवतो, फेझंट टेल नावाचा सगळ्यात जास्त, फ्रँक सॉयर नावाच्या इंग्लंडमधल्या नदीच्या राखणदाराने तो शोधला, फक्त फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची तार, धागासुद्धा नाही.

मग मासा कुठे असेल ते ओळखायचं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथे स्वतःला पोहायचे कष्ट कमी आणि शेजारून खाणं वाहत येतं. फ्लाय वरच्या बाजूला टाकून प्रवाहाच्याच वेगाने त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा. मधल्या जोराच्या पाण्याने दोरी ओढली की फ्लाय पळतो, आणि खरा किडा असा पळत नाही हे त्या माशाला बरोब्बर कळतं. म्हणून दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकत राहायची. हे जमतं आणि दोरी मध्येच क्षणभर अडते, रॉड उचलला की पलीकडे जिवंत ओढ लागते, तेव्हा मला जो आनंद होतो तो ताटातल्या कुठल्याही माशाने झालेला नाही, आणि मी गोव्याचा माणूस आहे, ताटातल्या माशाला मी कमी लेखणार नाही.

सोडतो कारण मला तो पुढच्या वेळीही तिथे हवा आहे. बिनकाट्याचा हुक वापरतो, हात ओले करूनच धरतो कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि होईल तेवढं पाण्यातच ठेवून हुक काढतो. खायच्या माशांसाठी म्हापशाचं मार्केट आहे की.

आणि इथल्या पाण्यात फ्लाय चालत नाही असं कोणी सांगितलं? चोणक फ्लायवर येतो, मात्र रॉड 8 वेटचा लागतो (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा नंबर, आकडा मोठा तेवढी दोरी जड) आणि भरती-ओहोटीचं गणित वेगळं, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. ट्राउटसाठी 9 फुटी 5 वेटचा रॉड घ्या, सुरुवातीला महागडा बिलकुल नको. लायसन्स तिथल्या मत्स्य खात्याकडून काढायचं आणि पहिल्या वेळी सोबत तिथलाच माणूस घ्यायचा, त्याला प्रत्येक डोह माहीत असतो. हिमाचलात ट्राउटचा सीझन 1 मार्च ते 31 ऑक्टोबर, मधल्या थंडीत मासा अंडी घालतो म्हणून बंदी. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं, जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ असतं, त्यामुळे मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. मार्चला जायचं असेल तर डिसेंबरपासून मैदानावर यायला लागा, हात बसायला तेवढा वेळ पुरतो, रॉड माझा वापरा.