ओटीटीचं पालक-कुलूप आणि परक्या माणसाचा मोबाइल नंबर

टीव्हीवर ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारं अॅप, सुरू करून द्यायला इंटरनेट जोडणारा मुलगा घरी आला, की नोंदणीला तो कोणाचा मोबाइल नंबर टाकतो ते शेजारी उभं राहून बघा. बाकीचं सगळं मागाहून जमतं. तो नंबर दुसऱ्याचा पडला, तर टीव्ही तुमचा, इंटरनेट तुमचं, पैसे तुमचे, आणि घरातल्या मुलांनी काय बघावं हे ठरवायची किल्ली भलत्याच माणसाच्या खिशात. आमच्याकडे हेच झालं. ते सोडवण्यात माझा उन्हाळा गेला आणि अजून तो राग उतरलेला नाही.

आम्ही अमळनेरला राहतो. एकत्र घर आहे. सासूबाई-मामंजी, भाऊजी-जाऊबाई, आम्ही दोघं आणि मुलं. मे महिन्यात सुरतेहून नणंद तिची मुलं घेऊन येते. खान्देशात मे म्हणजे पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, सकाळी दहानंतर पोरांना अंगणातसुद्धा सोडता येत नाही. कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि टीव्ही. त्यासाठीच इंटरनेटच्या वार्षिक प्लॅनसोबत मिळणारा ‘फॅमिली’ पॅक आम्ही घेतला होता. मुलांची कार्टून, सासूबाईंच्या मालिका, पुरुषमंडळींचं क्रिकेट, सगळं एका अॅपमध्ये.

एका दुपारी कार्टूनचा भाग संपला आणि कोणी काही न दाबता पुढचा ट्रेलर आपोआप सुरू झाला. आधी शिव्या, मग पलंगावरचं दृश्य. कोपऱ्यात ‘यू/ए 16+’ अशी पाटी दोन क्षण दिसली आणि गेली. सासूबाई म्हणाल्या, “माय वं, हाई काय लायेल शे पोरेसना मोरे?” मी रिमोट ओढून घेतला, पण नणंदेच्या मोठीने जे ऐकायचं ते ऐकलं होतं.

त्यानंतर मी वाचायला बसले. चित्रपटगृहातल्या सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. ओटीटीवरच्या मालिकांना ते लागत नाही, तिथे वयाचा शिक्का कंपनी स्वतःच मारते. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2021 च्या नियमांत त्यासाठी पाच वर्ग आहेत: यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए. यू/ए 13+ पासून वरच्या सगळ्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी, आणि ‘ए’साठी बघणाऱ्याच्या वयाची खात्री करण्याची भरवशाची पद्धत असावी, असं त्यात म्हटलंय. पॅकच्या नावात ‘फॅमिली’ असलं, तरी आत फक्त कुटुंबाने बसून बघायचं असेल असं नियमात कुठेच नाही. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळावं म्हणून सगळं एकाच ठिकाणी भरतात. हे फक्त आपल्याकडेच नाही. लहान मुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या डिज्नी प्लसवर अमेरिकेत मार्च 2022 मध्ये मार्व्हलच्या हिंसक मालिका आल्या, तेव्हा तिथेही ग्राहकांना पालक नियंत्रणाची सेटिंग नव्याने करायला सांगितली होती. (आमची सेवा ही नव्हे.) म्हणजे कुलूप आपणच लावायचं. ठीक आहे, लावते म्हटलं.

आणि तिथेच सगळं अडलं.

टीव्हीवर ‘पालक नियंत्रण’ उघडलं, तर पिन ठरवण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवलाय असं आलं. शेवटचे दोन आकडे आमच्या घरातल्या कोणाच्याच नंबरचे नव्हते. आधी वाटलं, मामंजींचा जुना नंबर असेल. तो नव्हता. भाऊजींचा नव्हता, सुरतेच्या पाहुण्यांचाही नव्हता. शेवटी जाऊबाईंच्या लक्षात आलं, की इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने “ओटीपी माझ्याकडे येऊ द्या, पटकन होईल” म्हणून स्वतःचाच नंबर टाकला होता. त्या मुलाने काम सोडलेलं. सुरतेला साडीच्या कामावर गेला म्हणे. नंबर बंद.

इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेले. “वहिनी, ते अॅपवाल्या कंपनीचं असतं, आमच्या हातात काही नाही.” कंपनीच्या चॅटवर लिहिलं, तर मशीनचं उत्तर: नोंदणीकृत क्रमांकावरून लॉगिन करून नंबर बदलण्याची विनंती करा. अहो, तो क्रमांक माझ्याकडे नाही हीच तर तक्रार आहे! फोन लावला, तर तिथेही पहिला प्रश्न नोंदणीकृत क्रमांकाचा. कनेक्शन आयडी सांगितला, बिल नंबर सांगितला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, की सुरक्षेच्या कारणाने दुसऱ्याच्या खात्यात बदल करता येत नाही. दुसऱ्याच्या! पुन्हा ऑफिसात गेले, तर साहेब धुळ्याला गेलेले. पुन्हा गेले, तर सर्व्हर बंद. तिथल्या एकाने सुचवलं, “नवीन पॅक घेऊन टाका ना, कशाला डोकं लावता?” वर्षभराचे पैसे भरलेले असताना मी दुसरे का भरू?

घरातही सगळे थकले होते. हे म्हणाले, अॅपच काढून टाक. मला ते पटत नव्हतं. पैसे भरून घेतलेली वस्तू, ती नीट वापरायची सोय देणं त्यांचं काम आहे. मी हट्टाने मागे लागले आणि मला त्याचा आनंद आहे.

तोवरची तजवीज म्हणून टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शोधलं. आमच्या टीव्हीत प्रत्येक अॅपला पिन लावायची सोय निघाली. त्याने अख्खं अॅप बंद होतं, म्हणजे कार्टूनसुद्धा, आणि प्रत्येक वेळी पिन टाकायला मलाच उठावं लागायचं. पण दुपारी डोळा लागला तरी धास्ती राहत नव्हती. तुमच्या टीव्हीत आहे का ते आजच बघून ठेवा.

वाट सापडली ती त्याच 2021 च्या नियमांत. प्रत्येक ओटीटी कंपनीने भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचा संपर्क अॅपवर किंवा वेबसाइटवर द्यायचा. तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत, असं नियम सांगतो. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर तो ई-मेल अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होता. ग्राहक सेवेतल्या कोणीही तोवर त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

पत्र कसं लिहिलं ते नीट सांगते, कारण काम त्यानेच झालं. ‘नंबर बदलून द्या’ असं लिहिलं असतं, तर ते पुन्हा ग्राहक सेवेकडे गेलं असतं. मी लिहिलं, की घरात लहान मुलं आहेत, यू/ए 16+ चा ट्रेलर मुलांच्या कार्टूननंतर आपोआप लागला, यू/ए 13+ आणि वरच्या मजकुराला कुलूप लावण्याची सोय नियमाप्रमाणे मिळायला हवी आणि ती मला वापरताच येत नाही, कारण खात्यावरचा नंबर आमचा नाही. खाली कनेक्शन आयडी, बिलाची तारीख, टीव्हीच्या पडद्याचा फोटो. राग एका शब्दानेही दाखवला नाही. मराठीत लिहिलं आणि खाली तेच इंग्रजीत.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. मग एका माणसाने फोन केला, बिल आणि ओळखपत्र मागितलं. मी आधार दिलं ते मास्क केलेलं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं, पूर्ण आधार कोणाला पाठवू नका. आणि एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर ओटीपी आला. मी स्वयंपाकघरात भाकरी तव्यावर टाकून तशीच टीव्हीकडे पळाले.

पुढचं काम पाच मिनिटांचं. मुलांचं वेगळं प्रोफाइल केलं, वयाची मर्यादा 7+ ठेवली. पण एवढ्यावर थांबू नका. मुलं एक बटण दाबून मोठ्यांच्या प्रोफाइलमध्ये जातात, म्हणून पिन मोठ्यांच्या प्रोफाइलला लावायचा. नवीन प्रोफाइल उघडण्यालाही पिन मागायची सोय असेल तर तीही चालू करा. ट्रेलर आपोआप लागणं काही सेवांमध्ये प्रत्येक प्रोफाइलला वेगळं बंद करावं लागतं. आणि पिन म्हणून कोणाचं जन्मसाल ठेवू नका, आमच्या भाच्याने सगळ्यांची साल टाकून बघितली.

आता पैसे वसूल होतात का? माझं मत विचाराल, तर कुलूप लागत नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नये. कुलूप लागत असेल, तर एकत्र कुटुंबाला परवडतं, कारण एका पॅकमध्ये आठ-नऊ माणसं बघतात. फक्त पहिल्यांदा वर्षाचा प्लॅन घेऊ नका. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा घ्या, पहिल्याच दिवशी पिन लावून बघा, जमलं तर पुढे वाढवा. आयपीएल आणि मेची सुट्टी सोडली, तर आमच्याकडे अॅप फारसं उघडलंही जात नाही. म्हणून पुढच्या वेळी मी सुट्टीपुरतंच घेणार आहे.

ऑटोपेचं, म्हणजे मुदत संपली की पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानगीचं, राहिलंच. अॅप टीव्हीवरून काढलं म्हणजे पैसे कापले जाणं थांबत नाही. ज्या यूपीआय अॅपवरून पैसे भरले, त्यात ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या निदान 24 तास आधी मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं ही नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित पद्धत धरली आहे. तसा त्रास झाला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते.

आणि यूट्यूब विसरू नका. ओटीटीचा पिन त्याला लागू नाही, त्याची सेटिंग वेगळी करावी लागते.