हंपी, हात आणि हळदीकुंकू

18 जानेवारी 2025, शनिवार

डाव्या हाताने टाइप करतेय, त्यामुळे आज वाक्यं तुटक येतील. उजवा हात कच्च्या प्लास्टरात, गळ्यातल्या झोळीत. भोगीच्या आदल्या दिवशी माळ्यावरचं पितळी पातेलं काढताना स्टूल कलंडलं आणि मी तळहात टेकून पडले. मनगटाच्या जरा वरचं हाड मोडलं. पडताना माणूस हात पुढे करतो आणि नेमकं हेच हाड जातं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते ओढून बसवलं. सूज उतरेपर्यंत कच्चं प्लास्टर, मग पक्कं, एकूण सहा आठवडे. तिळगूळ यंदा विकतचा आला. कोणाच्याही लक्षात आलं नाही, हे जरा लागलंच.

येत्या शुक्रवारी रात्री आमची गाडी आहे. सोलापूर, विजापूर करत बदामी, दुसऱ्या दिवशी पट्टदकल, तिथून मोटारीने हंपी. सहल ठरली ती आईंसाठी. सासूबाईंनी पंढरपूर आयुष्यभर केलं, पण कृष्णदेवरायाने विठोबा विजयनगरला नेला आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत आणला, ही कथा सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. हंपीला विठ्ठलाचं एवढं मोठं देऊळ आणि गाभारा रिकामा, तो एकदा डोळ्यांनी बघायचाय त्यांना. मुलाला पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ खरा बघायचाय. मुलीला फोटो. नवऱ्याला रजा.

आता प्रश्न, जायचं की रद्द करायचं.

पैशाचा हिशेब सोपा निघाला. गाडी सुटायच्या 48 तास आधी तिकिटं रद्द केली तर थ्री-टायर एसीला माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी, बाकी परत. त्यानंतर पाव भाडं जातं. हंपीच्या राहण्याचे पैसे मात्र आता सुटत नाहीत, ती मुदत उलटली. म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत काय ते ठरवायचं. गेले ते पैसे गेले म्हणायची तयारी आहे. पैशापायी मोडका हात घेऊन फिरायला मी काही वेडी नाही.

अडलंय ते दुसरीकडेच. भेटेल तो एकच सांगतो, "रद्द करा, तुला आराम मिळेल." नणंद साताऱ्याहून दिवसाआड फोन करते, "वहिनी, कशाला जिवाशी खेळ? हंपी काय पळून जातंय?" शेजारच्या काकू, ऑफिसातली मैत्रीण, भाजीवालीसुद्धा. आराम, आराम, आराम.

हा आराम नेमका कुठे ठेवलाय, ते कोणीतरी मला दाखवावं. गेला आठवडा मी घरीच आहे की. पोळ्यांच्या बाई येतात, नवरा कुकर लावतो, मुलं भांडी घासतात, हे मान्य. पण कुकर लावताना "डाळ कुठली?" हा प्रश्न माझ्याकडेच येतो. हिंगाची डबी, गॅसचा नंबर, पाण्याच्या मोटारीची वेळ, आईंची बीपीची गोळी सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली, सगळं माझ्याकडे. परवा तर एका हाताने मटार सोलायचा प्रयत्न करत होते, शेंग मांडीत दाबून. दाणे सोफ्याखाली गेले. सोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं, पण टोपलीत पडलेले मटार दिसत होते ना समोर!

आणि काल जाऊबाईंचा फोन. आधी दहा मिनिटं हाताची चौकशी, अगदी मनापासून. मग, "बरं, जात नाहीच आहात तर रविवारी हळदीकुंकू उरकून टाक ना. मी येईन मदतीला. पंचवीस-तीस बायका तर होतील." मी "बघू" म्हटलं. फोन ठेवल्यावर एकटीच हसत सुटले. वाण आणायचं, लुटायचं, अत्तरगुलाब, खायला काहीतरी, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं की स्टूल कसं कलंडलं. हा झाला घरचा आराम.

19 जानेवारी, रविवार

आज जेवताना विषय काढला. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." ऐकायला किती समजूतदार! हात माझा मोडला म्हणून निर्णयही माझाच. रद्द केलं तर मुलांचा हिरमोड माझ्या नावावर, गेलो आणि काही झालं तर तेही माझ्याच. मी म्हटलं, "मी काही म्हणत नाही. तुला काय वाटतं ते सांग." बराच वेळ आमटी ढवळत बसला. मग म्हणाला, "मला जावंसं वाटतं, पण तू परत पडलीस तर?" आठवड्यात कोणी बोललेलं हे पहिलं कामाचं वाक्य.

कारण भीती खरी तिथेच आहे. हंपी म्हणजे घसरडा ग्रॅनाइट, उतरते कातळ, ओबडधोबड पायऱ्या. एक हात झोळीत असला की तोल जातो, हे मला बाथरूममध्येच कळलंय. प्लास्टरला पिशवी आणि रबर लावून अंघोळ करताना दोनदा भिंत धरली. म्हणून वहीच काढली आणि मुलीकडून लिहून घेतलं. मातंग टेकडी नाही. अंजनाद्रीच्या पाचशेच्या वर पायऱ्या, त्या अजिबात नाहीत, ज्यांना चढायचंय त्यांनी चढावं, मी खाली उसाचा रस पीत बसेन. तुंगभद्रेतली ती गोल टोपलीची नाव नाही. विठ्ठल मंदिरापर्यंत पार्किंगपासून बॅटरीवरच्या गाड्या जातात, आईंच्या गुडघ्यांसाठी त्या घ्यायच्याच होत्या, त्यात मी पण. बदामीला चारही लेणी चढायची नाहीत. माकडं पिशव्या ओढतात म्हणे, तेव्हा माझ्याकडे पिशवी द्यायचीच नाही. पहिलं लेणं फारसं वर नाही आणि तिथेच तो अठरा हातांचा नटराज आहे. मुलगा म्हणाला, "आई, त्याच्याकडून एक उसना घे."

आई इतका वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्यासाठी जाऊ नका." आणि ताट उचलता उचलता, "माझ्यासाठी राहूही नका." दोन्ही खरं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय ते सांगा ना आई." तर म्हणाल्या, "मला तो रिकामा गाभारा बघायचाय गं. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील कोणास ठाऊक." एवढं सरळ त्या फार क्वचित बोलतात.

20 जानेवारी, सोमवार

आजच्या एक्स-रेवर सगळं होतं. बसवलेलं हाड पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सरकू शकतं. सरकलं तर प्लेट, म्हणजे ऑपरेशन, म्हणजे हंपी आपोआप रद्द आणि कोणाला काही ठरवायलाच नको. रिक्षात जाताना मला एक क्षण तसं झालं तरी चालेल असं वाटलं. ठरवायचा कंटाळा माणसाला कुठवर नेतो!

हाड जागच्या जागी आहे. सूज उतरली होती, म्हणून पक्कं प्लास्टर घातलं. मी यादी पुढे केली. डॉक्टरांनी ती खरंच वाचली, चष्मा वर करून. हंपी म्हटल्यावर कपाळाला आठी पडली, यादीपाशी ती जरा सैल झाली. जायला हरकत नाही, पण काही उचलायचं नाही, हात लोंबकळत ठेवायचा नाही, गाडीत उशीवर उंच ठेवायचा आणि बोटं सारखी हलवायची. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टर आतून आवळायला लागलं तर कुठलंही देऊळ अर्धं टाकून जवळचा दवाखाना गाठायचा. परत आल्यावर लगेच पुन्हा एक्स-रे. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "ऐकलंत ना?" त्याने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं होतं.

घरी आल्यावर जाऊबाईंना फोन केला, हळदीकुंकू रविवारी नाही म्हणून. रथसप्तमी 4 फेब्रुवारीला आहे, तोवर जमलं तर बघू, नाहीतर यंदा वाण घरपोच. त्या जरा थंड झाल्या. मग म्हणाल्या, "जाऊन या, पण जपून." नणंदेला अजून कळवलेलं नाही. तो फोन नवरा करणार आहे, त्याचीच बहीण.

एकच राहिलं होतं. तिकिटावर मधला बर्थ माझा आहे आणि एका हाताने मधल्या बर्थवर चढणं काही होणार नाही. नवऱ्याचा खालचा आहे. अदलाबदल ठरली. त्याला मधल्या बर्थवर झोप येत नाही, पाय बाहेर येतात, हे तो जेवण होईपर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांना सांगून झाला. मी बोटं हलवत ऐकत होते.