पत्रांची तार: महिना तिसरा

मंडळी, सोलापूरच्या बाळीवेशीतल्या जुन्या घरातून आणलेली वह्यांची ट्रंक अजून उघडलेली नाही. घरचे जुने कागद लावण्याच्या कामातला हा सगळा महिना पत्रांच्या तारेवर गेला.

ज्यांनी अशी तार पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की मधोमध टोचून तारेत ओवायचं. आमच्या तारेवर 143 कागद निघाले. बहुतेक कार्डं, थोडे लिफाफ्यातले कागद, दोन पत्रं मोडी लिपीत.

माझी चूक आधी सांगतो. वरची अकरा पत्रं मी उत्साहाच्या भरात ओढून काढली आणि टेबलावर पसरली. त्यांचा क्रम गेला तो गेलाच. त्यानंतर हात आवरला. तारेचे चारही बाजूंनी फोटो काढले, आकडा पक्कडीने कापला आणि एकेक पत्र उचलताना मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घातला. पेन अजिबात वापरू नका.

क्रमाचं एवढं का, ते 97 नंबरच्या कार्डाने दाखवलं. बार्शीहून आजोबांच्या मेहुण्यांनी पाठवलेलं. तारीख नाही, शिक्का पुसट. मजकूर चारच ओळींचा: ‘तुमचे पत्र नाही. येथे ऐकिवात येते ते खरे असेल तर मुलांस घेऊन इकडे निघून यावे.’ काय ऐकिवात आलं होतं? त्याच्या खालच्या कार्डावर वैशाख वद्य 5, शके 1852 आहे आणि वरच्यावर आषाढ शुद्ध 2. शकात 78 मिळवले की 1930. म्हणजे कार्ड आलं ते मेचा उत्तरार्ध ते जूनअखेर या दिवसांत, आणि सोलापुरात मार्शल लॉ होता 12 मे ते 30 जून! चार ओळींचा अर्थ लागला तो शेजारच्या दोन कार्डांमुळे. ती अकरा पत्रं या थरातली असती तर हे कळलंच नसतं.

आता दुरुस्ती. भोकांभोवती गंजाची तपकिरी कडी आहेत, तिथे कागद बोट लावताच तुटतो. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. एक कार्ड मी पूर्वी दुकानात लॅमिनेट करून घेतलं होतं, ते आता सोडवता येत नाही. मी जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) नखाएवढी पट्टी लावतो, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. सत्त्व आत्याने काढून दिलं, कुरडयांसाठी काढते तसंच: गहू भिजवून, वाटून, गाळून, वरचं पाणी निथळून. फक्त मीठ नाही. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीच्या (ओल लागली की शाईसारखी पसरते ती) पत्रांना मात्र ही ओली खळ चालत नाही, अक्षर लगेच फुटतं. ती सध्या नुसती फोल्डरमध्ये आहेत.

आणखी एक. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात घड्या उघडू नका. मी एक उघडली आणि कागद घडीवरच कडकन तुटला. पावसाळी हवेत तोच कागद नरम पडतो.

61 नंबरच्या कार्डाचा वरचा कोपरा नव्हता. टिश्यू कापून तयार ठेवली होती, तेवढ्यात आत्या म्हणाली, ‘अरे, तो फाटलेला नाही, फाडलाय. वाईट बातमीचं पत्र असं पाठवायचे, म्हणजे हातात घेतानाच कळायचं.’ असं पत्र घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. हे मात्र कोणीतरी तारेत ओवलं. आतली बातमी आजोबांच्या धाकट्या बहिणीची आहे, बाळंतपणात गेली ती.

तो कोपरा मी जोडलेला नाही. स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके), टिफ प्रकारच्या फाइलमध्ये, दोन्ही बाजू. यादीत ‘कोपरा मुद्दाम फाडलेला’ अशी नोंद केली आणि कार्ड 60 आणि 62 च्या मधे ठेवलं.

पुढच्या महिन्यात आत्याची शाळेतली ऑटोग्राफ वही घेतो. तिच्या गुलाबी पानांवर निम्म्या सह्या त्याच जांभळ्या पेन्सिलीच्या आहेत. कोणी अशी पानं हाताळली असतील तर जरूर कळवा.