खिडक्या लावा, पाऊस येतोय

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि तिसरीतला एक मुलगा मात्र एकसारखं म्हणत होता, "खिडक्या लावा, पाऊस येतोय." सूर हुबेहूब त्याच्या वर्गशिक्षिकेचा. बाकीची मुलं आधी हसली, मग वैतागली. बाईंनी समजावलं, "अरे, पाऊस नाहीये." त्याचा आवाज आणखी चढला, बोटं कानात गेली.

मी विशेष शिक्षिका आहे. आमच्याकडे या मुलासारखी स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकतात, आणि मी त्याच वर्गात त्यांच्या जवळ बसते. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. ही निरर्थक बडबड नव्हे. प्रिझंट आणि डुकन या संशोधकांनी १९८१ साली चार स्वमग्न मुलांचं असं बोलणं तपासलं. त्यात त्यांना सात वेगवेगळे हेतू सापडले: कधी होकार, कधी मागणी, कधी स्वतःला सावरणं. ती मुलं नुकतंच ऐकलेलं म्हणत होती, हा मुलगा कधीचं तरी जुनं म्हणतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, हे वाक्य त्याने कुठे ऐकलं?

उत्तर त्याच्या शेजारणीने दिलं, वर्गशिक्षिकेकडे बघत. "बाई, तो मोठा पाऊस आला होता ना, तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. मग तुम्ही खिडक्या लावल्या आणि आवाज कमी झाला."

म्हणजे त्याला पावसाचं काही नव्हतंच, आवाज नको होता. आम्ही सगळे गप्प बसलो तेव्हा कुठे पंख्याची किरकिर ऐकू आली. आमच्या कानांनी ती कधीच वगळून टाकली होती. त्याच्या कानांना तसं जमत नाही. पंखा बंद केला. तो लगेच शांत झाला नाही, होतही नसतं. बराच वेळ डुलत राहिला, मग एक बोट कानातून निघालं.

मग मी हळूच म्हटलं, "मला आवाज नको." मुद्दाम 'मला'. "तुला आवाज नको का?" असं विचारलं, तर तो तेच 'तुला'सकट उचलेल आणि पुढे त्याचं बोलणं कुणाला कळणार नाही. पावसाचं वाक्य मात्र मी थांबवलं नाही. एखाद्या मुलाच्या शिकवण्याच्या आराखड्यात 'बडबड कमी करणे' हे उद्दिष्ट लिहिलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं. जे एकमेव वाक्य त्याच्या हाताशी आहे, तेच काढून घ्यायचं?

संगीताच्या तासाला ढोलक सुरू झाला तेव्हा तो म्हणाला, "खिडक्या लावा, आवाज नको." सरांनी ढोलक थांबवला.

आता वर्गात एक वही आहे. त्याची वाक्यं आणि ती कुठून आली, हे मुलंच तिच्यात लिहितात. 'गाडी चुकली, उतरा' यापुढची जागा अजून रिकामी आहे. त्याच्या आईला विचारलंय.