प्रॉमिसरी नोट आणि मार्टिन ल्यूथर किंग

आज भाचीसोबत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण ऐकलं. ती बारावी कॉमर्सला आहे आणि इंग्रजीची तिला धास्ती. 'आय हॅव अ ड्रीम' सगळ्यांना माहीत असतं, पण शब्दांची खरी खाण आहे ती पहिल्या भागात. किंग म्हणतात, देशाने समतेची 'प्रॉमिसरी नोट' (पैसे देण्याचं लेखी वचन) लिहून दिली होती, कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र ती पाळली नाही. त्यांच्या हाती दिलेला चेक 'इनसफिशियंट फंड्स', म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असा शेरा मारून परत आला!

"मामा, हे तर आमच्या बुक-कीपिंगमधलं!" ती उडालीच. लगेच व्हिडिओ थांबवला, वही काढली. डिफॉल्ट, कॅश अ चेक, सगळं उतरवून घेतलं.

सुरुवातीचं 'फाइव्ह स्कोअर इयर्स अगो'ही समजावलं. स्कोअर म्हणजे वीस. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये गेटिसबर्गला 'फोर स्कोअर अँड सेव्हन' म्हणत भाषणाची सुरुवात केली होती आणि किंग उभे होते त्यांच्याच स्मारकापाशी. अंगावर काटा आला हो!

इंग्रजी असं ऐकत शिकवायला हवं. पाठ केलेल्या याद्या परीक्षेनंतर कुठे राहतात? पुढच्या रविवारी नेहरूंचं १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीचं भाषण ऐकणार आहोत. अशी आणखी भाषणं माहीत असतील तर नक्की सुचवा.