मानात पडला तो सोमवार

२१ डिसेंबर २०१५. अझरबैजानची राजधानी बाकू. सकाळी ऑफिसला निघालो, तर कोपऱ्यावरच्या मनी एक्स्चेंजवाल्याने फळ्यावरचे आकडेच काढून टाकलेले. आदल्या दिवशी डॉलर १.०५ मानातला (मानात म्हणजे तिथलं चलन) होता, आता सरकारी भाव १.५५. फेब्रुवारीतही असाच दणका बसला होता, ०.७८ वरून १.०५. माझा पगार मानातमध्ये आणि घराचा हप्ता डोंबिवलीत! सही करताना 'डॉलरमध्ये द्या' म्हणायचं सुचलंच नाही, कारण तेव्हा मानात डॉलरपेक्षा महाग होता.

तो महाग होता तेलाच्या जिवावर. बाकूच्या समुद्रकाठच्या हमरस्त्याचं नावच 'नेफ्तचिलर', म्हणजे तेलवाले. देश १९९१ साली स्वतंत्र झाला, १९९४ मध्ये परदेशी कंपन्यांशी मोठा करार झाला, २००६ पासून पाइपलाइनने तेल थेट तुर्कस्तानच्या बंदरात पोचू लागलं. सरकारच्या तिजोरीत तेल निधीतून दरवर्षी भरघोस रक्कम यायची. मग कस्टम्स सुधारा, कर नीट गोळा करा, याची घाई कुणाला? डब्ल्यूटीओकडे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेकडे, अर्ज केला १९९७ मध्ये. आत अजून गेलेले नाहीत.

२०१५ मध्येच रात्रीच्या गाडीने शेजारच्या जॉर्जियात, तिबिलिसीला गेलो होतो. तिथल्या पोलिस चौक्या काचेच्या, आतलं सगळं रस्त्यावरून दिसतं. २००४ मध्ये त्यांनी अख्खं ट्रॅफिक पोलिस खातंच घरी बसवलं. सुधारायची घाई त्यांना होती, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं तेल नाही, बाकूची पाइपलाइन फक्त त्यांच्या अंगणातून जाते.

अर्थात तेल नसलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही. किर्गिझस्तान १९९८ मध्येच डब्ल्यूटीओत गेला, तरी तिथली पोरं मजुरीला रशियात जातात. आणि बाकूतही सरकारी दाखल्यांसाठी 'आसान' नावाची केंद्रं झकास चालायची, तीही तेल महाग असतानाच सुरू झालेली. (हो, आपल्या हिंदीतलाच आसान.) पण ते खिडकीपुरतं.

जानेवारी २०१६ मध्ये तेल पिंपाला तीस डॉलरच्या खाली गेलं. महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा पिठावरचा आणि पावावरचा कर गेला. डिसेंबर २०१६ मध्ये शेती, पर्यटन वगैरेंसाठी जाडजूड रोडमॅप निघाले. मी तोवर परत आलो होतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र रोज सकाळी आधी ब्रेंटचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव बघायचा, मग नमस्कार. रोडमॅपची बातमी त्यानेच व्हॉट्सॲपवर धाडली. खाली लिहिलं होतं, 'ब्रेंट पन्नाशीच्या वर', आणि पुढे नाचणारा इमोजी.