ब्राउनिंगची टोपी

सज्जात उभी राहून ज्युलिएट 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणते, तेव्हा हौशी नाटकांतली ज्युलिएट हमखास कपाळावर आडवा हात धरून अंधारात त्याला शोधू लागते. रोमिओ खाली बागेतच उभा असतो, पण शोध मुळी चाललेलाच नसतो. 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. वैऱ्याच्या घरातला रोमिओच नेमका का झालास रे बाबा, असा तिचा त्रागा आहे.

जुन्या शब्दाचा भलताच अर्थ घेण्याची ही झाली वाचणाऱ्यांची तऱ्हा. लिहिणारेही त्यात मागे नाहीत, आणि त्यांच्यात माझा जीव एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज रॉबर्ट ब्राउनिंगवर. वडिलांच्या भल्यामोठ्या ग्रंथसंग्रहात वाढलेला हा कवी. जुना शब्द दिसला की उचललाच! १८४१ च्या 'पिप्पा पासेस' या नाट्यकाव्यात इटलीतल्या आसोलो गावच्या रेशीम गिरणीत राबणारी पोर वर्षातली एकुलती एक सुटी गाणी गात घालवते. रात्री अंथरुणाला पाठ टेकण्याआधी ती घुबडं, वटवाघळं, मठातले साधू आणि जोगिणी अशा सगळ्यांना मोठ्या निरागसपणे आठवते. तिथे 'बॅट्स'शी यमक जुळवलंय 'काउल्स अँड ट्वॅट्स'नं. काउल म्हणजे साधूंची कुंची. मग जोगिणींच्या डोक्यावर काहीतरी नको का?

हा शब्द त्याला १६६० च्या एका चावट राजकीय विडंबनात सापडला होता. तिथे कार्डिनल या बड्या धर्मगुरूच्या हॅटशी म्हाताऱ्या ननच्या 'ट्वॅट'चं यमक आहे. हॅटशेजारी आहे म्हणजे टोपीच असणार, हा ब्राउनिंगचा हिशेब. प्रत्यक्षात तो बाईच्या गुप्तांगाला दिलेला गावरान शब्द, चारचौघांत उच्चारायची सोय नाही असा. ऑक्सफर्डच्या कोशानं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता नोंद केली आहे: ननच्या पोशाखाचा भाग समजून ब्राउनिंगनं चुकीनं वापरलेला. ते वाचून मी एकटाच खो खो हसलो होतो.

बरं, एवढ्यावर थांबेल तर तो ब्राउनिंग कसला! 'स्लगहॉर्न' हे 'स्लोगन'चंच जुनं रूप, अर्थ रणघोष. सतराव्या वर्षी, १७७० मध्ये वारलेला टॉमस चॅटरटन हा पंधराव्या शतकातल्या एका साधूच्या नावे बनावट कविता रचायचा. त्याला त्या शब्दात 'हॉर्न' दिसलं आणि त्यानं तुतारी करून टाकली. ब्राउनिंगनं ती खरी मानली. १८५५ च्या कवितेत त्याचा चाइल्ड रोलँड हा शिलेदार मरणाच्या दारात, काळ्या मनोऱ्यासमोर, छाती काढून उभा राहतो, स्लगहॉर्न ओठांना लावतो आणि फुंकतो. म्हणजे एखाद्या मावळ्यानं 'हर हर महादेव' उचलून तोंडाला लावावं आणि गाल फुगवावेत, तसं.